लष्करी हेलिकॉप्टरसाठी वावर विकायची गरज नाही

लातूर-नांदेडकडे एक समज पक्का बसलाय : सैन्यात हेलिकॉप्टर उडवायचं तर आधी लाखो रुपये भरून पायलटचं लायसन्स काढावं लागतं. साफ चूक. हवाई दलात प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. वर शेवटच्या वर्षाच्या प्रशिक्षणात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या नादात अकरावीलाच गणित सोडतात. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेला मात्र बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही लागतात. बारावीनंतर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा; पदवीनंतर सीडीएस (तिन्ही दलांची अधिकारी भरती परीक्षा) किंवा ॲफकॅट (हवाई दलाची स्वतःची परीक्षा). मुलींनाही एनडीए २०२२ पासून खुली आहे. संभाजीनगरची एसपीआय ही सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दहावीनंतर मुलग्यांकडून एनडीएचीच तयारी करून घेते. वैमानिक योग्यता चाचणी मात्र आयुष्यात एकदाच. नापास झालात की तो दरवाजा बंद. आणि लढाऊ विमान की हेलिकॉप्टर, हे प्रशिक्षणात ठरतं.

पगार? 'महिना पाच लाख' या पारावरच्या गप्पा. सातव्या वेतन आयोगात फ्लाइंग ऑफिसरचं (प्रशिक्षणानंतरचा पहिला हुद्दा) महिन्याचं मूळ वेतन ५६,१००, सैन्य सेवा वेतन १५,५००, उड्डाण भत्ता २५,०००. महागाई भत्ता वेगळा.