केळीच्या बागेतील विनापरवाना लहरी

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेत ठिबकचे पाणी केव्हा सोडायचे हे ठरवण्यासाठी मातीतील ओलावा मोजणारे संवेदक बसवले, तर त्यांना दिवसभरात पाठवायचे असतात ते मोजके आकडे. तेवढ्यासाठी प्रत्येक संवेदकाला वेगळे सिमकार्ड घेणे परवडत नाही आणि वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याने भरलेल्या पानांच्या गर्दीत लवकर क्षीण होतात. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींची लांबी मात्र सुमारे ३५ सेंटीमीटर, म्हणजे वाय-फायच्या लहरींच्या जवळजवळ तिप्पट असते. प्रेषकाची शक्ती आणि अँटेनाचा प्रकार तोच ठेवला, तर मोकळ्या हवेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर त्यांची सातपटीहून अधिक शक्ती पोहोचते. शिवाय झाडोऱ्यातूनही त्या अधिक सहज पार होतात. त्यामुळे छोट्या बॅटरीवर चालणारा संवेदकही काही किलोमीटरवरील, लहरी टिपणाऱ्या ग्राहकयंत्राशी संपर्क साधू शकतो.

हे भौतिकशास्त्र बागेत वापरता येईल की नाही, हे मात्र दूरसंचार धोरण ठरवते. १९३३ च्या कायद्यानुसार बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासही परवाना लागत असे. २००५ मध्ये केंद्र सरकारने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ लहरींचा पट्टा, शक्तीची मर्यादा घालून, परवानामुक्त केला आणि त्याच वर्षी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही खुला झाला. अमेरिकेने १९८५ मध्ये असेच पट्टे मोकळे केले तेव्हा वाय-फाय जन्मालाही आले नव्हते. कोणता शोध लागणार आहे हे आधी कळत नसताना प्रयोगाची वाट मोकळी ठेवणे, हे मला धोरणाचे सर्वांत मोठे काम वाटते. कारण जळगावातील एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला नवे यंत्र करून पाहायचे असेल, तर यंत्राच्या किमतीपेक्षा परवान्याचा खटाटोपच त्याला अधिक अडवतो.

सगळेच पट्टे असे खुले करता येत नाहीत. सर्वांनी वापरायच्या अशा सामायिक पट्ट्यात दुसऱ्याच्या लहरींच्या व्यत्ययापासून संरक्षण नसते आणि मनोऱ्यांवर कोट्यवधी रुपये गुंतवणाऱ्या कंपनीला तशी हमी लागते. अशा वेळी सरकार पैसे कोणत्या रीतीने घेते, याला महत्त्व येते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर मोबाइल कंपन्यांनी परवान्यांसाठी मोठ्या ठरावीक शुल्काच्या बोली लावल्या, ग्राहक मात्र अपेक्षेइतके मिळाले नाहीत आणि शुल्क थकत गेले. त्या काळी मोबाइलवरील एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडत असे. १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलात वाटा घेण्याची पद्धत आणली आणि सेवा वाढवण्यातील जोखीम हलकी झाली.

दूरध्वनी स्वस्त झाल्याने नाशवंत मालाचा बाजार कसा बदलतो, हे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये केरळच्या मच्छीमारांच्या उदाहरणावरून दाखवले. समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागल्यावर मासळी वाया जाणे जवळपास थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला ती ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. कापल्यावर फार दिवस न टिकणाऱ्या केळीच्या बाबतीत हा अभ्यास खानदेशाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, गणित वेगळे होते. डोंगराआड लहरींची सावली पडते, म्हणून मनोरे अधिक लागतात आणि प्रत्येक मनोऱ्यामागे ग्राहक मात्र थोडे असतात. याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार कार्डे दिली गेली. पण बोटाचा ठसा पडताळण्यासाठीही जोडणी लागतेच. अशा भागांसाठी कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या, म्हणजे ठरावीक वजावटींनंतर उरणाऱ्या महसुलाच्या, ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीत जमा होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. या निधीतून मिळणारे अनुदान किती मनोरे उभे राहिले यावर न ठरवता, पावसाळ्यात वीज गेल्यावरही ते महिन्याला किती तास चालू राहिले यावर ठरवावे. तसे झाले, तर सौर पॅनेल, टिकाऊ बॅटऱ्या आणि गावातच दुरुस्ती करू शकणारे तंत्रज्ञ यांवर खर्च करणे कंपन्यांच्याही हिताचे ठरेल.