लसूण भाजणे (ग्रामीण विदर्भ)

लसणाचा अख्खा गड्डा किंवा सुट्या पाकळ्या सालासकट निखाऱ्यावर, गरम राखेत अथवा तव्यावर मऊ होईपर्यंत शेकण्याची घरगुती रीत. असा लसूण भरीत, ठेचा, जवसाची चटणी आणि मटणाच्या रश्श्याचे वाटण यांत वापरतात. विदर्भाच्या खेड्यांत या कामाला स्वतंत्र नाव नाही आणि त्यासाठी कोणी मुद्दाम चूलही पेटवत नाही. भाकरी झाल्या की चुलीत जो आर (धगधगते निखारे) उरतो, त्याच्या कडेला लसूण सारायचा, जेवायची पाने मांडेपर्यंत तो होतो.

साल न काढणे ही यातली खरी मेख आहे. साल हेच लसणाचे भांडे. ते जळते, काळे पडते, पण आतला गर स्वतःच्या ओलाव्यात शिजतो. सोललेली पाकळी थेट निखाऱ्यावर टाकली तर बाहेरून करपून कडू होते आणि आत कच्चीच राहते.

भाजल्यावर लसणाचा तिखटपणा कुठे जातो, याचे उत्तर पाकळीच्या पेशींत आहे. ॲलिइन हे गंधकयुक्त द्रव्य आणि ॲलिनेझ हे विकर (एन्झाइम) तिथे वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होते. नाकात जाणारा झणका त्याचाच. अख्खी पाकळी आधी तापवली तर विकर निकामी होते. मग ती कितीही चिरडली तरी झणका येत नाही. म्हणून क्रमाला महत्त्व आहे: आधी भाजून मग ठेचलेला लसूण सौम्य लागतो, आधी ठेचून मग परतलेला उग्र. लसणात फ्रुक्टन ही साखरेच्या साखळ्यांची द्रव्येही भरपूर असतात. मंद आचेवर त्यातली काही सुटतात, गर तांबूस होतो आणि गोडसर लागतो. घाईच्या जाळावर हे होत नाही.

आर कशाचा, यावर बरेच अवलंबून असते. कापूस वेचून झाल्यावर शेतातल्या पऱ्हाट्या सरपण म्हणून घरी येतात, तशाच तुरीच्या तुराट्या. दोन्ही भरकन पेटतात आणि लवकर विझतात. भाकरीला ठीक, लसणाला अपुऱ्या. बाभळीचा निखारा जास्त वेळ टिकतो. सर्वांत सोयीची गोवऱ्यांची धग, कारण ती राखेखाली दबून राहते. रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजायला गोवऱ्या पेटवल्या असतील तर बाजूलाच लसणाचे चार गड्डे पुरून ठेवणे हा शहाणपणा. गरम राखेत सुट्या पाकळ्या पाच-सात मिनिटांत होतात, गड्ड्याला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. गड्डा बोटाने दाबून पाहावा, दबला की झाला. चूल पेटवताना प्लॅस्टिकची पिशवी वापरली असेल, तर त्या राखेत खायची कोणतीही वस्तू पुरू नये.

भरताच्या वांग्याला चिरा देऊन त्यात सोललेल्या पाकळ्या खोचायची पद्धतही आहे. इथे सालाचे काम वांगे करते. मात्र वांग्याच्या ओल्या गरात तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारसे वर जात नाही, त्यामुळे हा लसूण भाजला जात नाही, वाफवला जातो. तो मऊ असतो पण त्याला धुराचा वास लागत नाही. दोन्ही हवे असेल तर थोडा लसूण वांग्यात आणि थोडा राखेत.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा, लसूण आणि वांगे आषाढी एकादशीपासून बंद असतात. त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून हौस भागवून घेतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. त्या दिवशी वांग्याबरोबर लसूणही पुन्हा विस्तवावर येतो.

लसूण रब्बीचे पीक आहे. दिवाळीच्या आगेमागे लावलेला लसूण उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. नवा लसूण ओला असतो, सालही ओली, म्हणून तो भाजायला जास्त वेळ घेतो. वाळवून जुड्या बांधून टांगलेला लसूण सर्वांत चांगला भाजतो. पावसाळ्यात त्याला आतून हिरवा कोंब फुटतो, तो कडवट लागतो, म्हणून गर पिळून काढताना बाजूला करावा. गावरान लसणाच्या पाकळ्या बारीक. सोलायला जीव जातो, पण भाजल्यावर चिमटीत दाबले की गर आपोआप बाहेर येतो.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर सिलिंडर अनेक घरांत पोचले, तरी मागच्या अंगणातली चूल सर्वत्र मोडलेली नाही. गॅसवर करायचे तर जाड तव्यावर सुट्या पाकळ्या पसरून, वर झाकण ठेवून, मंद आचेवर दहा-बारा मिनिटे उलटसुलट कराव्यात. जाळीवर थेट ज्योत लावली तर साल जळते, आतपर्यंत उष्णता पोचत नाही.

भाजलेला लसूण सगळीकडे चालत नाही. अंबाडीच्या भाजीवर ठेचलेल्या लसणाची कडकडीत फोडणीच हवी, तिथे हा गोडसर गर हरवून जातो. ठेच्यात मात्र मिरचीही भाजलेली असेल तर त्याला तोड नाही. मीठ घालून खलबत्त्यात कुटावा, मिक्सरमध्ये त्याची चिकट पेस्ट होते.

उरलेला लसूण तेलात बुडवून बरणीत बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. तेलाखाली हवा नसते, आंबटपणाही नसतो, आणि अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू विष तयार करू शकतो. वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असे नाही. लसणाच्या लोणच्याची गोष्ट वेगळी, त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि भरपूर मीठ असते. भाजलेला लसूण फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा. फ्रिज नसेल तर त्या जेवणापुरताच भाजावा.