हरणाची लाळ झाडाला कळते

हरीण म्हणजे गवत खाणारा प्राणी, हे आपलं चितळ-काळविटांवरून झालेलं मत. युरोपातलं रो हरीण गवताला फारसं विचारत नाही. शेळीएवढा जीव, पोटही लहान. चोथा पचवत बसणं त्याला परवडत नाही. मग ते वेचून खातं: कळ्या, कोंब, कोवळे शेंडे. लाकडासाठी राखलेल्या जर्मनीतल्या जंगलांना हीच सवय महागात पडते.

तुरीचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, कारण वरून येणारं ऑक्झिन (शेंड्यात तयार होणारं वाढीचं संप्रेरक) थांबतं आणि खालच्या कळ्यांवरचा दाब सुटतो. तुरीत ते फायद्याचं. बीच किंवा मॅपलच्या रोपाचं मात्र खोड दुभंगतं, आणि दुभंगलेल्या खोडाच्या सरळ फळ्या निघत नाहीत. हरणाला वरचे पुढचे दात नसल्याने तुटलेलं टोक फाटल्यासारखं, धसकटं निघालेलं दिसतं. सशाने कुरतडलेलं टोक चाकूने छाटल्यासारखं तिरकं असतं. पाहणी करणारा वनकर्मचारी त्यावरूनच चोर ओळखतो.

चोर झाडालाही ओळखता येतो. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी बीच आणि मॅपलच्या रोपांच्या कळ्या कापल्या आणि काही जखमांवर रो हरणाची लाळ थेंबाथेंबाने सोडली. नुसत्या कापलेल्या रोपांत मुख्यतः जखमेची संप्रेरकं वाढली. लाळ लागलेल्या रोपांत सॅलिसिलिक आम्ल हे बचावाचा इशारा देणारं संप्रेरक वाढलं, त्यामागून काही विशिष्ट टॅनिनं वाढली, आणि उरलेल्या कळ्यांना जोर देणारी वाढीची संप्रेरकंही. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, म्हणून असा पाला तुरट लागतो आणि अंगीही कमी लागतो. रो हरणाच्या लाळेत मात्र टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यामुळे डाव तिथेच संपत नाही. (यावरून ‘झाडांना मन असतं’ असे संदेश जगदीशचंद्र बोसांचं नाव लावून फिरवू नयेत. ही रसायनांची साखळी आहे, आणि तेवढीही पुरेशी थक्क करणारी आहे.)

पण एवढ्याने रोप वाचतंच असं नाही. सिल्व्हर फर आणि स्प्रूस ही दोन्ही सूचिपर्णी झाडं. हरणांना फर फार आवडतं, स्प्रूस तितकंसं नाही. म्हणून हरणं जास्त झाली की मिश्र जंगलात फर मागे पडतं आणि स्प्रूस पुढे जातं. नेमका हाच स्प्रूस 2018 नंतरच्या दुष्काळात साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात उभाच्या उभा वाळवला. आता तिथे मिश्र लागवड करायची, तर कुंपण घाला नाहीतर शिकार वाढवा.

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात दर तीन वर्षांनी रोपांचे खुडलेले शेंडे मोजतात. दाट रानात हरणांची गणती जमत नाही, म्हणून शिकारीचा कोटा ठरवताना हाच आकडा पुढे ठेवतात. त्यावरून शिकारी आणि वनमालक यांची दर खेपेला जुंपते.