ज्यूडिथ नेमकी कुठल्या बायबलातली?

बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय शैलीच्या, चित्रांतल्या ‘बायबलमधल्या स्त्रिया’ म्हटले की ज्यूडिथ आणि सुझॅना या दोघींची नावे आधी निघतात. एकीने दारू पिऊन झोपलेल्या शत्रूसेनापतीचे मुंडके उडवले. दुसरीला अंघोळीच्या वेळी दोन म्हाताऱ्या पंचांनी गाठले आणि ती बधत नाही म्हणून तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतला. गंमत अशी, की नगरकडच्या एखाद्या प्रोटेस्टंट घरातले पवित्र शास्त्र उघडले तर या दोघी त्यात सापडत नाहीत. दानीएलाचे पुस्तक तिथे बाराव्या अध्यायाला संपते. सुझॅना तेराव्यात आहे. ज्यूडिथचे तर अख्खे पुस्तकच नाही. वसईच्या कॅथलिक परंपरेत मात्र दोघी आहेत. एकीकडे 66 पुस्तके, दुसरीकडे 73.

हा घोळ चित्रांच्या फार आधीचा. या कथा ग्रीक बायबलातून आल्या, ज्यूंच्या हिब्रू शास्त्राच्या यादीत त्या नव्हत्या. ज्यूडिथच्या पुस्तकात पहिल्याच ओळीत नबुखद्नेस्सर अश्शूरचा राजा म्हणून येतो. तो होता बाबेलचा. सुझॅनाबद्दलचा आक्षेप जास्त मजेशीर आहे. कोवळा दानीएल दोन्ही पंचांना वेगवेगळे करून विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलेत? दोघे दोन झाडांची नावे सांगतात आणि पकडले जातात. दानीएलाचा प्रत्येक शाप त्या त्या झाडाच्या नावावर कोटी करतो. आपल्याकडे ‘कापूस म्हणालास? देव तुला कापून काढील’ असे कोणी म्हणावे, तसे. ही कोटी ग्रीकमध्येच जमते, मग मूळ कथा हिब्रूत कशी असेल, असा सवाल तिसऱ्या शतकातच एका अभ्यासकाने केला होता.

तरीही बाराशे वर्षे हे सारे चालून गेले. फाटा फुटला तो सोळाव्या शतकात. 1534च्या जर्मन प्रोटेस्टंट बायबलात ही पुस्तके काढून टाकली नाहीत. जुना आणि नवा अशा दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवून ‘शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, पण वाचायला चांगली’ असा शेरा मारला. त्यावर 1546च्या एप्रिलमध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने एकच सलग यादी जाहीर केली, त्यात ज्यूडिथ बसवली आणि ही यादी न मानणाऱ्याला बहिष्कृत ठरवले. त्याआधी कॅथलिक पंडितांतही या पुस्तकांबद्दल उघड मतभेद होते. त्या दिवसानंतर या मतभेदांना जागा उरली नाही. प्रोटेस्टंट ज्याला ‘अपोक्रिफा’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘गुप्त’. यातले गुप्त काहीच नव्हते, चर्चमध्ये उघड वाचले जात होते. कॅथलिकांचा ‘ड्यूटेरोकॅनॉनिकल’, म्हणजे दुसऱ्या फळीतले, हा शब्दही तितकाच अडचणीचा, कारण 1546च्या यादीत फळ्या नव्हत्याच. दोन्ही शब्द भांडणाने घडवले, पुस्तकांनी नव्हे.

याच धर्मसभेने 1563मध्ये चित्रांबद्दलही ठराव केला: वासना चाळवेल असे सौंदर्य चित्रात नको. पुढच्या शंभर वर्षांत सुझॅनाच्या अंघोळीची चित्रे ढिगाने निघाली. पोथीतला प्रसंग आहे म्हटल्यावर उघडे अंग रंगवायला हरकत कोण घेणार? ज्यूडिथ तर पाखंडावर मात करणारे चर्च म्हणूनच मिरवली. पण प्रोटेस्टंट हॉलंडमध्येही रेम्ब्रांटने 1636 आणि 1647 अशी दोनदा सुझॅना रंगवली. तिथल्या 1637च्या अधिकृत बायबलात हीच पुस्तके सावधगिरीच्या सूचनेसकट सर्वांत शेवटी छापली होती.

आता चित्राजवळ जाऊ. पुस्तकात दासी तंबूच्या शयनगृहाबाहेर थांबते. ज्यूडिथ एकटीच दोन घाव घालते आणि मुंडके दासीच्या शिदोरीच्या थैलीत जाते. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने 1600च्या आसपास दासीला आत आणली, पण म्हातारी करून, कापड धरून उभी केली. त्याची ज्यूडिथ हात लांब करून, किळस आल्यासारखी कापते. त्याच्यानंतरची इटालियन चित्रकर्ती आर्तेमिसिया जेंतिलेस्की, तिने दासीला तरुण केले आणि कामाला लावले: ती सेनापतीला गादीवर दाबून धरते, त्याची मूठ तिच्या गळ्याशी पोचलेली. ज्यूडिथच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, एक हात त्याच्या केसांत. नेपल्समधल्या पहिल्या चित्रात रक्त गादीवरून खाली ओघळते. फ्लॉरेन्समधल्या, साधारण 1620च्या चित्रात त्याच्या चिळकांड्या कमानीसारख्या उडतात. दोन बायका मिळून एक जड काम उरकताहेत, एवढे साधे ते दिसते.

1970च्या दशकापासून मात्र या चित्रांवर चित्रकर्तीचे चरित्रच बसून राहिले. 1611मध्ये वडिलांच्या एका सहकारी चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. 1612च्या खटल्यात खरे-खोटे पाहण्यासाठी तिच्याच बोटांना दोऱ्या आवळल्या. गुन्हेगाराची शिक्षा नावालाच राहिली. तेव्हापासूनची प्रत्येक ज्यूडिथ म्हणजे सूड, हे वाचन सोयीचे आहे आणि त्यात तथ्यही असेल. पण सगळी आर्तेमिसिया त्यात मावत नाही. तिची पहिली सुझॅना, दगडी बाकावर अंग चोरून, दोन्ही हात आडवे धरून मान वळवणारी, 1610ची आहे, म्हणजे त्या प्रसंगाच्या आधीची. ती सतरा वर्षांची होती आणि बागेत कारंजी, आरसे असा सगळा नेहमीचा थाट तिने गाळून टाकला होता.

मराठी प्रोटेस्टंट पवित्र शास्त्रापर्यंत या दोघी का पोचल्या नाहीत, याचे एक कारण लंडनमध्ये आहे. जगभर बायबल छापायला पैसा पुरवणाऱ्या तिथल्या एका संस्थेत 1820च्या दशकात मोठा तंटा झाला आणि 1826पासून अपोक्रिफासह छापलेल्या प्रतींना पैसा द्यायचा नाही असे ठरले. चित्रे मात्र छापील पुस्तकांतून, पोस्टकार्डांवरून, आता फोनवरून येतच राहिली, गोष्ट मागे ठेवून.

2023मध्ये इंग्लंडच्या राजसंग्रहातली एक काळवंडलेली सुझॅना आर्तेमिसियाचीच असल्याचे जाहीर झाले. इतकी वर्षे ती भलत्याच नावाखाली हॅम्प्टन कोर्टच्या कोठारात पडून होती. मूळची ती पहिल्या चार्ल्सच्या राणीच्या दालनात, शेकोटीच्या वर टांगलेली असे. राणी कॅथलिक होती, राजा प्रोटेस्टंट. तिच्या बायबलात सुझॅना दानीएलाच्या पुस्तकात होती, त्याच्या 1611च्या इंग्रजी बायबलात अपोक्रिफाच्या गठ्ठ्यात.