खोल बोअर म्हणजे हमखास पाणी?

‘दोनशे फुटांवर नाही लागलं तरी पाचशेला पाणी लागतंच, खाली नद्या वाहतात’ असा संदेश दर उन्हाळ्यात फिरतो.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. यात पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकातल्या भेगांमध्ये. खोल जावं तशा भेगा बहुधा कमी होत जातात. कधी एखादी भेग लागते, पाणी उसळतं आणि समज पक्का होतो. पण तिथवर पावसाचं पाणी फार हळू पोचतं. भेगा जोडलेल्या असल्या तर शेजारच्या विहिरीचंच पाणी आपल्याकडे येतं. कर्ज काढून बोअर मारणाऱ्याला हे आधी कळायलाच हवं.

महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारने जाहीर केलेल्या भागात, शेती-उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींवर बंदीची तरतूद आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानेही २०१४मध्ये भूजल उपशाचं नियोजन भूजलखोऱ्यानिहाय, म्हणजे जमिनीखालचा एकच साठा वापरणाऱ्या सगळ्या भागाचं मिळून, करायला लावलं.

पडताळा गावातच घेता येतो. आधी शेजारच्या बोअरची खोली आणि त्यांना मार्चमध्ये राहिलेलं पाणी एका कागदावर मांडा. मग विहिरीची पातळी ऑक्टोबरात आणि मे महिन्यात दोरीने मोजा.