शॉर्ट झालेला कपॅसिटर नजरेला सापडत नाही

इंदूरला जेलरोडवर बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्तीला देताना पुष्कळजण कारागिराला आवर्जून सांगतात, "एखादा कपॅसिटर फुगलाय का, तेवढं बघा." कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा भाग. ही समजूत निराधार नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट (वीजवाहक द्रव) भरलेले अ‍ॅल्युमिनियमचे कपॅसिटर जगभरच्या संगणकांत फुगले आणि फुटले. परंतु आजच्या लॅपटॉपच्या मदरबोर्डावरील शेकडो कपॅसिटर बहुतांशी सिरॅमिकचे असतात. त्यांत द्रव नसतो, त्यामुळे ते फुगत नाहीत.

तपकिरी रंगाच्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीच्या या ठोकळ्यात बेरियम टायटॅनेट आणि निकेल यांचे अतिशय पातळ थर एकाआड एक रचलेले असतात. उघडा लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलल्याने किंवा स्क्रू वाकडा कसल्याने बोर्ड किंचित जरी वाकला, तरी या ठिसूळ ठोकळ्यात सोल्डरच्या टोकापासून आत तिरकी भेग जाऊ शकते. भेगेत ओलावा शिरला की निकेलच्या दोन थरांमध्ये वीज वाहण्याची वाट तयार होते, म्हणजेच कपॅसिटर शॉर्ट होतो. बाहेरून मात्र ठोकळा शाबूत दिसतो. चार्जर लावताच त्याचा दिवा विझतो, एवढीच खूण अनेकदा मालकाला दिसते.

रोध मोजणारा मल्टिमीटर येथे अर्धेच उत्तर देतो. एकाच वीजवाहिनीवरचे (बोर्डावरील वीज नेणाऱ्या तांब्याच्या वाटेवरचे) सगळे कपॅसिटर समांतर जोडणीत असतात, म्हणजे प्रत्येकाचे एक टोक वाहिनीला आणि दुसरे ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या सामाईक शून्य व्होल्टच्या जोडणीला, जोडलेले असते. त्यामुळे एक शॉर्ट झाला की प्रत्येकावर रोध जवळजवळ शून्यच भरतो. शिवाय प्रोसेसरला वीज देणाऱ्या वाहिनीचा रोध मुळातच फार कमी असतो. तेथे मीटरची पी पी ऐकून शॉर्ट ठरवणे चूक आहे.

दोषी शोधायला धारेमुळे होणाऱ्या उष्णतेचा ज्यूलचा नियम उपयोगी पडतो, आणि या निदानातील मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे. चार्जर व बॅटरी काढून, विद्युतधारेची मर्यादा ठरवता येईल अशा पॉवर सप्लायने वाहिनीला सुमारे एक व्होल्ट द्यावा. वाहिनीच्या नेहमीच्या विभवांतरापेक्षा (व्होल्टेजपेक्षा) तो कधीही जास्त नसावा. समजा, बिघडलेल्या कपॅसिटरचा रोध ०.२ ओहम आहे, तेथपर्यंतच्या तांब्याचा ०.०१ ओहम आहे आणि धारा २ अँपिअर आहे. धारेचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने कपॅसिटरमध्ये ०.८ वॅट उष्णता निर्माण होते, तर तांब्यात अवघी ०.०४ वॅट, आणि तीही लांबवर पसरलेली. शेजारच्या निरोगी कपॅसिटरमधून स्थिर धारा जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते थंड राहतात. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरले तर ओल्या चकाकीत एकच ठिपका आधी कोरडा पडतो. थर्मल कॅमेऱ्यात तोच ठिपका उजळ दिसतो.

बिघडलेल्या कपॅसिटरचा रोध तांब्याच्या रोधाइतकाच कमी असेल, तर मात्र उष्णता एका जागी साठत नाही. अशा वेळी धारा चालू ठेवून वाहिनीवर जागोजागी ग्राउंडच्या संदर्भात मिलिव्होल्ट मोजतात. धारा ज्या कपॅसिटरकडे जाते त्या दिशेने आकडा घटत जातो आणि त्याच्यापाशी सर्वांत कमी भरतो.

एवढी साधी, पडताळता येणारी पद्धत हाताशी असताना संपूर्ण मदरबोर्ड हीट गनने भाजून काढणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, लिंबू-मिरचीचा तोडगा आहे. सिरॅमिकमधली भेग तापवून सांधली जात नाही.

सापडलेला कपॅसिटर काढल्यावर रोध वाढला, तर निदान बरोबर ठरते. समांतर जोडणीमुळे त्याच्याविना लॅपटॉप कित्येकदा सुरूही होतो, पण जागा रिकामी ठेवू नये, कारण त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. १९ व्होल्टच्या वाहिनीवर निदान २५ व्होल्ट क्षमतेचाच कपॅसिटर बसवावा. बेरियम टायटॅनेटच्या कपॅसिटरची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) विभवांतर वाढले की घटते, म्हणून केवळ धारितेचा, म्हणजे मायक्रोफॅरडचा, आकडा जुळवून भागत नाही. मूळ आकार आणि व्होल्टेजही जुळवावे लागते.