‘अवधारिजो जी’ : एका जुन्या क्रियापदाची पार्श्वभूमी

ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्याच ओवीत गणेशाला वंदन करताना ज्ञानदेव म्हणतात, ‘म्हणे निवृत्तिदासु । अवधारिजो जी’. पुढे त्याच अध्यायात हेच क्रियापद श्रोत्यांसाठी येते : ‘आतां अवधारा कथा गहन । जे सकळां कौतुकां जन्मस्थान’. आजच्या सुगम आवृत्त्यांत दोन्ही ठिकाणी ‘ऐका’ एवढाच अर्थ सहसा दिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण मला तो फार तोकडा वाटतो.

‘अवधारणे’ हे संस्कृतातील ‘अव’ उपसर्ग आणि ‘धृ’ धातू यांतून आले असून तेथे त्याचा मूळ अर्थ निश्चित करणे, मनात पक्के धरणे असा आहे. व्याकरणात ‘एव’ हे अव्यय ‘हेच, दुसरे नव्हे’ असा निर्धार दाखवते, त्यालाही ‘अवधारण’च म्हणतात. म्हणजे कानावर पडलेले मनात धरून ठेवणे ही अपेक्षा या क्रियापदात पहिल्यापासून आहे. ‘अवधारिजो’ या रूपात तर आज्ञेपेक्षा आर्जव अधिक आहे, म्हणूनच देवापुढेही ते शोभते.

ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 च्या सुमारास, नेवाशात सिद्ध झाली. ज्ञानदेव बोलत होते, निवृत्तिनाथ आणि संतसभा ऐकत होती आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. श्रोता समोर बसलेला असल्यामुळे ऐकण्याची इतकी निरनिराळी क्रियापदे या ग्रंथात भेटतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी ‘अवधान’ द्या, मग सर्व सुखाला पात्र व्हाल, अशी प्रतिज्ञा केली आहे, तीही ‘उघड आइका’ असे म्हणून. आणि लगेच पुढच्या ओवीत, सर्वज्ञांच्या सभेत मी प्रौढी मिरवत नाही, ही माझी ‘विनवणी सलगीची’ आहे, असे ते सांगतात. वक्त्याने श्रोत्याला इतका मान द्यावा, ही त्या सभेची रीतच होती.

एकनाथांनी शके 1506 मध्ये या ग्रंथाची प्रत शुद्ध केली आणि पुढे पारायणाच्या परंपरेने तो घरोघरी पोहोचला, त्यामुळे बोलीतून नाहीसे झालेले हे क्रियापद वाचणाऱ्यांच्या तोंडी टिकले. ‘अवधारणा’ हे नाम आज हिंदीत ‘संकल्पना’ या अर्थाने रूढ आहे. मराठीत मात्र रोज भेटतो तो ‘धा’ धातूवरून आलेला, अर्थाने जवळचा ‘अवधान’, आणि त्याहूनही अधिक, चूक झाली की कार्यालयीन पत्रात हमखास लिहिला जाणारा ‘अनवधानाने’.